दुबार उतरलेली ओळ

चाकणच्या कारखानदारी पट्ट्यालगतची आळंदी ही मराठी पाठशुद्धीच्या इतिहासातलेही एक ठिकाण आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरल्यामुळे एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ती शुद्ध केली, त्या कार्याची प्रेरणा परंपरा आळंदीच्या समाधीशी जोडते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला 'ओळ दुबार उतरणे' हा लेखकप्रमाद परिचित असतो. वाचकाच्या तो ध्यानात येतो, अर्थाची फारशी हानी होत नाही.

यंत्र मात्र लिहिलेले सारे पाळते. सप्टेंबर २०१२ पासूनच्या आयफोन-प्रणालीत, सुरक्षित जोडणी करणाऱ्या आज्ञावलीत, 'गोटू फेल' (शेवटच्या टप्प्याकडे जा) ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. पहिली 'चूक आढळल्यास' या अटीने बांधलेली, दुसरी मोकळी. परिणामी जोडणीच्या काही प्रकारांत यंत्र नेहमीच थेट शेवटाकडे जाई. बँकेचे प्रमाणपत्र दाखवणाऱ्याजवळ त्याची गुप्त किल्ली खरोखर आहे काय, हे ठरवणारी स्वाक्षरीची तपासणी वगळली जाई. तोवर चूक नोंदलेली नसल्याने निकाल मात्र 'ठीक' असाच येई. वाटेत बसलेल्या तोतयाला एवढे पुरे होते.

ॲपलने दुरुस्ती दिली ती २१ फेब्रुवारी २०१४ रोजी. ही आज्ञावली तत्पूर्वीच वाचनासाठी खुली होती, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रत उपलब्ध असणे म्हणजे ती संपादकाच्या दृष्टीने वाचली जाणे नव्हे. तसेच 'चूक आढळली नाही' म्हणजे 'तपासले' नव्हे.