म्हैसूरचे ८० लाख: कर्ज, हप्ता आणि मुदत

घरासाठी कर्ज काढलेल्या वाचकांना स्प्रेडशीटमधील हप्त्याचे सूत्र परिचित असेलच. मुद्दल, व्याजदर आणि मुदत भरली की समान हप्त्याचा आकडा मिळतो. हेच गणित एखाद्या संस्थानाच्या ऋणाला लावून पाहणे उद्बोधक ठरते.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने म्हैसूर संस्थान खिळखिळे झाले. १८७१ च्या जनगणनेतील ५०.५ लाख लोकसंख्या १८८१ मध्ये ४१.९ लाखांवर आली. २५ मार्च १८८१ रोजी, पन्नास वर्षांच्या इंग्रजी अंमलानंतर, राज्य चामराजेंद्र वाडियार यांच्या स्वाधीन झाले, तेव्हा हिंदुस्थान सरकारचे सुमारे ८० लाख रुपयांचे कर्जही त्यासोबत आले. वार्षिक महसूल होता जेमतेम एक कोटी.

करारातील प्रत्यक्ष अटी बाजूला ठेवून, केवळ उदाहरणादाखल ५ टक्के व्याज व २० वर्षे मुदत धरू. वार्षिक हप्ता येतो ६.४२ लाख. पहिल्या वर्षी त्यातले ४ लाख व्याजातच जातात. मुदत ३० वर्षे केली, तर हप्ता ५.२० लाखांवर उतरतो. मात्र एकूण परतफेड १२८ लाखांवरून १५६ लाखांवर जाते.

परंतु खरा भार दुसऱ्याच रकान्यात होता. १७९९ च्या तहानुसार म्हैसूर इंग्रजांना दरसाल २४.५ लाख रुपये खंडणी देत असे. १८८१ च्या हस्तांतरपत्राने ती ३५ लाख ठरवली, म्हणजे महसुलाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी! ही साडेदहा लाखांची वाढ प्रथम पाच वर्षे, आणि १८८६ मध्ये आणखी दहा वर्षे, लांबणीवर टाकण्यात आली. पंधरा वर्षांची ही रक्कम १५७.५ लाख होते. ५ टक्क्यांनी तिचे १८८१ मधील वर्तमानमूल्य काढले, तर ते सुमारे १०९ लाख भरते. मूळ कर्जापेक्षा अधिक!

म्हणजे संस्थानाला खरा श्वास मिळाला तो या स्थगितीमुळे. दिवाण रंगाचार्लू आणि १८८३ पासून शेषाद्री अय्यर यांना तेवढा अवधी लाभला. याच काळात बंगळूर-म्हैसूर रेल्वे झाली आणि कोलारच्या सोन्याचे स्वामित्वधन तिजोरीत येऊ लागले. १८९६ पासून वाढीव आकारणी सुरू झाली, तेव्हा ती पेलणारे उत्पन्न उभे राहिले होते.

कर्जाच्या वाटाघाटीत आपले लक्ष बहुधा व्याजदरावर खिळते. वसुली कधी सुरू होणार, हा प्रश्न अनेकदा त्याहून मोलाचा असतो. राज्यांच्या अर्थखात्यांनी आणि कर्जदार कुटुंबांनीही तो सूत्रात घालून पाहावा. एक गोष्ट मात्र कोणतेही सूत्र सांगत नाही: दुष्काळासाठी काढलेले ते कर्ज फेडावयास साडेआठ लाखांहून अधिक माणसे कमी उरली होती.