पंडिता रमाबाईंना मिळालेली दहा वर्षांची मदत

माणिकपूरहून आम्ही बचत गटाच्या कार्यकर्त्या बोलतोय.

आपल्या गटांतल्या बायकांच्या मुली आता स्वतःची मंडळं काढायला लागल्या आहेत. कुणाला बालविवाह थांबवायचे आहेत, कुणाला छेडछाडीविरुद्ध उभं राहायचं आहे, कुणाला दहावीनंतर मुलींची शाळा सुटू द्यायची नाही. या मुली आम्हाला विचारतात, "ताई, क्षमता बांधणीचं अनुदान म्हणजे काय हो?"

साधं उत्तर असं. वह्या वाटायला किंवा मेळावा घ्यायला मिळतो, तो एका कामाचा पैसा. काम झालं की संपला. पण हिशेब ठेवणं, कायदा समजून घेणं, अर्ज लिहिणं, सभा चालवणं हे मुलींनी शिकावं आणि मंडळ स्वतःच्या पायावर उभं राहावं, म्हणून जो पैसा मिळतो तो क्षमता बांधणीचा. शब्द नवा आहे, गोष्ट जुनी आहे. आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट आज सांगतो.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८चा. १८८२ साली नवरा गेला, पदरात लहान मुलगी. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. तेव्हा त्या अवघ्या २४ वर्षांच्या होत्या. सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्षही दिली. मुलींना शिकवायला बाई शिक्षिका हव्यात, बायकांना तपासायला बाई डॉक्टर हव्यात, असं तिथे ठणकावून सांगितलं.

पण विधवा मुलींसाठी शाळा काढायची तर पैसा हवा, आणि त्याआधी स्वतः शिकायला हवं. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ साली त्या अमेरिकेत पोचल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी त्या गेल्या होत्या. पण समारंभ झाल्यावर लगेच परतल्या नाहीत. लहान मुलांना खेळातून कसं शिकवायचं, ती बालवाडीची पद्धत तिथे शिकून घेतली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते विकलं, गावोगाव भाषणं केली.

डिसेंबर १८८७मध्ये बॉस्टन शहरात रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं मदत देण्याचं वचन दिलं. तिच्या शाखा गावोगाव होत्या. त्यांत साध्यासुध्या बाया ठरलेली वर्गणी भरायच्या. म्हणजे आपण महिन्याला गटात पैसे टाकतो, तसंच की!

त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं.

आता या मदतीला अट होती. सदनात कुठल्याही धर्माची शिकवण द्यायची नाही. ज्या मुलीला जो धर्म पाळायचा तो पाळू द्यायचा. इथे सल्लागार म्हणून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसं होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा काही मुली तिथे येऊन बसायच्या. त्यावरून १८९३ साली मोठं वादळ उठलं. सल्लागारांनी अंग काढून घेतलं, कित्येक घरच्यांनी मुली परत नेल्या. कोण बरोबर होतं, यावर आजही दोन मतं आहेत. आपण घ्यायचं ते एवढंच, की अटीचा अर्थ देणारा, घेणारा आणि गाव तिघेही वेगवेगळा लावू शकतात. तो आधीच बोलून घ्यावा, कागदावर घ्यावा.

बॉस्टनच्या मंडळाने मदत थांबवली नाही. पण दहा वर्षं कधीतरी संपणारच, हे रमाबाईंनी ओळखलं होतं. म्हणून दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली, म्हणजे पुढे सदनाला स्वतःचं उत्पन्न असेल. १८९६-९७चा दुष्काळ आला तेव्हा उपाशी बायका-मुलींना ठेवायला हीच केडगावची जागा उपयोगी पडली. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं.

आणि शिकलेल्या मुलींचं काय झालं? सदनात अगदी सुरुवातीला आलेल्या विधवांपैकी एक गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच आपल्या बाया कर्वे. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. त्या या आश्रमात शिकल्या, मग आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या, थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. आजचं एसएनडीटी ते हेच. वर्गणी देणाऱ्या बॉस्टनच्या बायांना यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्यांनी दहा वर्षं पैसे दिले. त्यातून शिकलेल्या बायका मात्र पुढे आयुष्यभर कामाला आल्या.

याच्याही आधी, १८४८ साली, सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्या १७ वर्षांच्या होत्या. १८५७च्या उठावानंतर देणग्या आटल्या, शाळा अडचणीत आल्या. पण त्यांच्याच शाळेतली १४ वर्षांची मुक्ता साळवे, हिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला होता. तो आजही वाचला जातो.

आज परदेशातून मदत घेणं त्या काळाइतकं सोपं नाही. २०१०च्या परकीय देणगी कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. त्यासाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या काळात तिने कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. पूर्वी मोठी संस्था आपल्याला आलेल्या पैशातून लहान मंडळाला देऊ शकत होती. २०२०च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. कार्यालयाचा नि कारभाराचा खर्चही आता २० टक्क्यांच्या वर करता येत नाही. म्हणजे विशीतल्या मुलींच्या नव्या मंडळाला ही वाट जवळजवळ बंदच.

मग मुलींनी हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. आपल्या राज्यात १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं माविम, स्थापन झालं. त्याची लोकसंचालित साधन केंद्रं गटांच्या बायकाच चालवतात. गटांना सेवा द्यायची, त्याचं शुल्क घ्यायचं आणि केंद्राचा खर्च भागवायचा, हा त्यामागचा विचार. केडगावच्या फळबागेसारखंच आहे हे.

तेव्हा मैत्रिणींनो, मुली मदतीचा कागद घेऊन आल्या, तर त्यांच्याबरोबर बसा आणि तीन प्रश्न विचारा. या पैशातून कोण काय शिकणार? अट काय आहे, आणि तिचा अर्थ आपल्याला नि देणाऱ्याला एकच कळला आहे का? पैसा संपेल त्या दिवशी मंडळ कशावर चालेल?

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्या. मुलींच्या मंडळाला आपल्या गटाकडून महिन्याला थोडी वर्गणी देता येईल का? रक्कम लहान असली तरी चालेल. मात्र एकदा कबूल केली, की ती दर महिन्याला वेळेवर द्यायची.