पाषाणाचा देव झिजत नाही काय?

पुरीचा जगन्नाथ लाकडाचा, म्हणून त्याला नवे कलेवर लागते. आपला बार्शीचा भगवंत काळ्या पाषाणाचा, पंढरीचा विठोबाही पाषाणाचा, त्यांच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. बार्शीत पोथी-पुराण ऐकणारी जाणती माणसेही असे म्हणतात. पाषाण नित्य आणि लाकूड अनित्य, म्हणून देवाची मूर्ती बदलणे ही शबर आदिवासींकडून आलेली ओडिशाची एक वेगळी चाल, शास्त्राशी तिचे नाते नाही, असा या मताचा गाभा. हे मत मला मुळातच चुकीचे वाटते, आणि त्याचा त्रास आपल्याच देवांना होतो आहे.

आधी शास्त्र पाहू. अग्निपुराणातल्या जीर्णोद्धारविधीत जीर्ण मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीत, पाषाणाची असेल तर पाण्यात, धातूची वा रत्नाची असेल तर अगाध पाण्यात किंवा समुद्रात सोडावी, आणि तेवढ्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती बसवावी असे सांगितले आहे. पाषाणाला इथे सूट नाही. हा विषय कुठल्या दुर्मिळ पोथीत दडलेलाही नाही. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधू’ (१६१२) आणि काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधू’ (१७९०) या दोन्ही ग्रंथांत जीर्णोद्धार आला आहे. काशीनाथशास्त्री तर पंढरपूरचेच. विठोबाच्या गावात बसून लिहिणाऱ्या धर्मशास्त्र्याला मूर्ती जीर्ण होते हे मान्य होते, आणि आपण ते ऐकायलाही तयार नाही!

आता शबरांचा मुद्दा. पुरीच्या मंदिरातले दैतापती सेवक स्वतःला विश्वावसू शबराचे वंशज मानतात, हे खरे. ते काकटपूरच्या मंगलादेवीला कौल लावून शंखचक्राच्या खुणा असलेला कडुनिंब शोधतात. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री, डोळ्यांवर पट्टी आणि हातांना वस्त्र गुंडाळून, जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला जातो. जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरतात आणि दैतापती घरातले माणूस गेल्यासारखे दहा दिवस सुतक धरतात. अग्निपुराण लाकूड जाळायला सांगते, पुरीत ते पुरतात. एवढा फरक आहे. पण मूर्तीसाठी वनात जाणे, झाडाची लक्षणे पाहणे, त्यावर वस्तीला असलेल्या भूतांना दुसरीकडे जाण्याची विनंती करणे, हे सारे वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’च्या वनसंप्रवेश अध्यायात दिले आहे. शबरांचा वारसा मान्य केला म्हणून शास्त्राशी असलेले नाते तुटत नाही.

भागवतावरून घेतला जाणारा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. एकादश स्कंधात स्थिर मूर्तीला आवाहन-विसर्जन नाही असे म्हटले आहे. मग बार्शीच्या भगवंताच्या स्थिर मूर्तीतून देवाला नव्या मूर्तीत नेणारा जीर्णोद्धार कसा लागू करायचा? उत्तर त्याच प्रकरणात आहे. तिथे नित्य अर्चनाचा प्रसंग चालू आहे. रोज देवाला बोलावून रोज निरोप द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूर्ती भंगली तर काय, हा प्रश्न तिथे नाहीच. शिवाय तिथल्या आठ प्रकारच्या मूर्तींच्या यादीत पाषाणाची, लाकडाची आणि वाळूचीही मूर्ती एकाच ओळीत बसली आहे. टिकाऊपणा हा देवत्वाचा निकष असता, तर वाळू त्या ओळीत आली नसती.

आणि व्यवहार काय सांगतो? २०१५ साली पुरीत नवकलेवर, म्हणजे मूर्ती बदलण्याचा विधी, झाला, त्याच वर्षी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या पाषाणमूर्तीवर पुरातत्त्व खात्याला संवर्धनाची प्रक्रिया करावी लागली. विठोबाच्या मूर्तीला तर वारंवार लेप दिला गेला आहे, २०२० मध्येही. झीज होत नसती तर लेप कशाला? शतकानुशतके दूध, दही, मध ओतले गेले, त्यामागे ‘पाषाणाला काय होते’ हीच समजूत होती.

आमच्या शेजारच्या माढ्याचा वाद इथे आठवतो. मूळ विठ्ठलमूर्ती माढ्याची, असे संशोधक रा. चिं. ढेरे यांनी मांडले आणि पुष्कळ लोक दुखावले. मला त्या दुखावण्यातच हा गैरसमज दिसतो. ढेऱ्यांचे म्हणणे खरे धरले, तरी पंढरीचा विठोबा कणभरही उणा ठरत नाही. देवत्व प्रतिष्ठेने येते. जीर्णोद्धारात देवाची कला, म्हणजे मूर्तीतली दैवी शक्ती, कलशात उतरवून नव्या मूर्तीत नेतात, ती याच श्रद्धेने. दगड पहिलाच आहे की नाही, हा इतिहासाचा रास्त प्रश्न आहे. वारकऱ्याच्या पायांखालची जमीन त्याने सरकायचे कारण नाही. सोळाव्या शतकात काळापहाड या सेनापतीच्या स्वारीत पुरीच्या मूर्ती जाळल्या गेल्या असे परंपरा सांगते. पुढे खुर्द्याच्या रामचंद्रदेवाने नव्या बसवल्या, आणि जगन्नाथ तोच राहिला.

मूर्ती आजच बदला, असे माझे म्हणणे नाही. थोरांनी स्थापलेली, शंभर वर्षांहून जुनी मूर्ती भंगली तरी पूज्य, असे सूत्रधार मंडनाचे ‘रूपमंडन’ सांगते, आणि ते मला मनापासून पटते. पण ते वचनही मूर्ती भंगते हे धरूनच चालते. ठेवावी, लेप द्यावा की नवी बसवावी, हे त्या त्या मूर्तीची अवस्था पाहून, शिल्पी, रसायनतज्ज्ञ आणि शास्त्री यांनी एकत्र बसून ठरवायचे आहे.