सेन्सॉरच्या छायेतील गोवा : सरकारी बातमी आणि जंगलातील नभोवाणी

गोव्याला मुद्रणकला पोर्तुगालबरोबर फार लवकर लाभली. १५५६ साली येथे छापखाना आला, भारतातील हा पहिला. पण अठराव्या शतकाच्या मध्यावर, १७५४ मध्ये, सत्तेनेच छपाईला बंदी घातली आणि ती १८२१ पर्यंत टिकली. बंदी उठल्यावर निघालेले पहिले नियतकालिक 'गॅझेता द गोवा' हेही सरकारीच होते. छापील शब्द हा आधी राज्याचा आणि मग लोकांचा, हा क्रम गोव्यात असा अगदी प्रारंभीच पडून गेला.

तो क्रम मोडण्याची संधी १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने दिली. त्यानंतरची दीड दशके गोमंतकीय पत्रकारितेचा बहराचा काळ होय. 'ऊ हेराल्दो' हे पोर्तुगीज दैनिक १९०० पासूनच चालू होते. त्याच्या उभारणीत हात असलेले लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९११ मध्ये 'ऊ देबात' काढले, तर १९१२ मध्ये गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी केप्याहून 'भारत' सुरू केले. मराठी वाचकाला आपल्या भाषेत राज्यकर्त्यांचे वाभाडे निघालेले वाचायला मिळू लागले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

लिस्बनमध्ये २८ मे १९२६ रोजी लष्करी उठाव झाला आणि हे दिवस संपले. पुढे सालाझार पंतप्रधान झाले व १९३३ ची राज्यघटना आली. तिच्या आठव्या कलमात अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी होती; ते कसे वापरायचे हे मात्र विशेष कायदे ठरवतील, असेही तिथेच म्हटले होते. ज्या दिवशी ही घटना अमलात आली त्याच ११ एप्रिल १९३३ या तारखेच्या हुकूमनाम्याने पूर्वतपासणी कायम केली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा इतका तत्पर नमुना राज्यघटनांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

पद्धत साधी होती. मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरकडे जाई आणि निळ्या पेन्सिलीने खोडलेला भाग वगळून परत येई. वगळलेल्या जागी कोरा स्तंभ सोडण्याची मुभा नसे, कारण कोऱ्या जागेवरूनही वाचक काहीतरी ओळखतो. संपादकाने ती दुसऱ्या कशानेतरी भरायची आणि अंकावर 'सेन्सॉरने पाहिले' असा शेरा छापायचा. हा शेराच व्यवस्थेच्या मुळावर आला, असे म्हणावे लागेल. पान तपासलेले आहे हे वाचकाला दररोज कळत असेल, तर त्या पानावर नसलेले काय, हाच प्रश्न त्याच्या मनात आधी उभा राहतो. जाच वृत्तपत्रांपुरता नव्हता. लग्नपत्रिकासुद्धा तपासणीस द्याव्या लागत, असे त्या पिढीच्या आठवणींत वारंवार येते.

मिनेझिस ब्रागांझा यांचे 'प्रकाश' हे साप्ताहिक १९३७ मध्ये बंद पाडण्यात आले; पुढच्याच वर्षी ते निवर्तले. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभा घेतली तेव्हा त्यांनी मोडली ती मुख्यतः सभा व भाषण यांवरील बंदीच. त्याच वर्षी त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालून आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडण्यात आले. तेथून सुटून मुंबई गाठल्यावर त्यांनी 'फ्री गोवा' हे पत्र चालवले. गोव्याविषयीची गोव्यातली बातमी आता गोव्याबाहेर छापली जाऊ लागली. बेळगावात बाबूराव ठाकूरांचा 'तरुण भारत' मुक्तिलढ्याचा पाठीराखा होता, आणि पीटर आल्वारिस यांच्या नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचे कार्यही तेथूनच चाले.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मारली गेली. भारताने संबंध तोडले, नाकेबंदी कडक झाली, आणि गोव्यातील घरात बातमी पोहोचवण्याचे मार्ग अधिकच आक्रसले. उरली ती सरकारी 'एमिसोरा द गोवा' ही नभोवाणी.

तिला उत्तर म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ रोजी 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे त्याचे चालक. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीत हाती लागलेल्या बिनतारी संचांतून प्रक्षेपक उभा केला होता. आधी आंबोलीच्या परिसरातून आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून कोंकणी व पोर्तुगीज भाषांत प्रक्षेपण होई. पोर्तुगीज नभोवाणीने काय सांगितले हे ऐकायचे, त्यातील खोटे शोधायचे आणि त्याच लोकांना त्याचे खंडन ऐकवायचे, हा तिचा नित्यक्रम होता. आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींमधल्या चळवळींच्या बातम्याही गोव्याला तेथून कळत. हा आवाज निःपक्षपाती होता असे मात्र समजू नये. तोही प्रचारच होता आणि भारत सरकारचे पाठबळ त्यामागे होते. एकाच बाजूचे ऐकण्याची सक्ती असलेल्या श्रोत्याला दुसरी बाजू मिळाली, एवढे त्याचे मोल. आणि तेवढे पुरेसे ठरले.

सरकारी माहितीवरील अविश्वास गोव्यापुरता राहिला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ७३ नुसार स्वयंशासित नसलेल्या प्रदेशांची माहिती देणे प्रशासक देशाला बंधनकारक आहे. पोर्तुगालने १९५१ मध्ये वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले आणि आमच्याकडे असे प्रदेशच नाहीत, असा पवित्रा घेतला. आमसभेने १५ डिसेंबर १९६० च्या ठराव १५४२ अन्वये तो फेटाळला व यादीत गोव्याचे नाव घातले.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी दुसऱ्या दिवशी शरणागती पत्करली. सालाझारची आज्ञा शेवटपर्यंत लढण्याची होती, आणि लिस्बनची वृत्तपत्रे तुंबळ लढाईच्या बातम्या देत होती. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे मिळून साठाहून कमी सैनिक पडले. मुक्तीची वार्ता सरदेसाई व लोबो यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोव्याला ऐकवली.

सेन्सॉर गेला तरी बातमीच्या दारावरचा पहारा सर्वस्वी उठला नाही, पहारेकरी बदलले. १९६२ मध्ये चौगुले उद्योगसमूहाचा 'गोमन्तक' निघाला आणि विलीनीकरणाच्या बाजूने उभा राहिला. विरोधकांना मराठी वाचकापर्यंत जाण्यासाठी स्वतंत्र दैनिकच काढावे लागले. तो १९६३ चा 'राष्ट्रमत'. त्यातील उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर आणि 'गोमन्तक'चे अग्रलेख यांची जुगलबंदी ज्येष्ठांना अजून आठवत असेल. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. दोन्ही बाजू मराठीतून छापल्या गेल्या होत्या आणि कोणत्याही अंकावर शेरा नव्हता.

'एमिसोरा'च्या जागी आकाशवाणीचे पणजी केंद्र आले. 'ऊ हेराल्दो' १९८३ पर्यंत पोर्तुगीजमधून निघत राहिला, मग इंग्रजी झाला. सरदेसाई पुढे अंगोलात भारताचे राजदूत होते. त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली.