जंगलतोड आणि हवेचा कोरडेपणा (नाशिक परिसर)

झाडोरा गेल्याने हवेतील आर्द्रता घटणे व हवेची पाण्याची ओढ वाढणे. मुळांनी खेचलेले पाणी पानांच्या रंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडते (बाष्पोत्सर्जन). त्यात उष्णता खर्ची पडते. झाडे तुटली की तीच उष्णता जमीन व हवा तापवते. तापमान 1° से. वाढले की हवेची बाष्पधारणक्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, पुरवठा मात्र आटलेला असतो. अशी हवा पिकांतली आणि मातीतली ओल शोषून घेते.

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, पेठ, सुरगाणा हा घाटपट्टा भरपूर पावसाचा, तर सिन्नर, येवला पर्जन्यछायेत. ही तफावत मुळात सह्याद्रीच्या उंचीमुळे आहे, जंगलतोडीमुळे नव्हे. हा भेद वारंवार विसरला जातो. तोडीचा परिणाम पाऊस ओसरल्यावर जाणवतो: डोंगराचा बोडका उतार ऑक्टोबरच्या उन्हात लवकर तापून भेगाळतो, तर ऐन-जांभळाखालच्या पालापाचोळ्यात माती ओलसर राहते.

मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले, की पश्चिम घाटातील वनांची वाफ पार तमिळनाडूच्या मान्सून पावसालाही मोठा हातभार लावते. घाटमाथ्यावरची कुऱ्हाड म्हणूनच केवळ घाटाचा प्रश्न ठरत नाही.