रंगाखालचा हात
डिजिटल चित्रातील ‘थर’ कुठून आला, याचा शोध मी यान व्हान आइकपासून सुरू करतो. त्याच्या १४३४च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्राची अवरक्त किरणांनी तपासणी झाली, तेव्हा रंगाखालचे रेखाटन दिसले. पुरुषाचा उंचावलेला हात चित्रकाराने बदलला होता. तैलचित्रात पारदर्शक रंगाचे लेप एकावर एक चढतात, पण खालचे जागच्या जागी राहतात.

संगणकात ही पारदर्शकता अंक बनली. १९७७च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल व अल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या, निळ्या मूल्यांना ‘अल्फा’ हे चौथे मूल्य जोडले. थर एकमेकांवर बसवण्याचे गणित १९८४मध्ये टॉम पोर्टर व टॉम डफ यांनी मांडले, आणि १९९४च्या फोटोशॉप ३.०मुळे थर चित्रकारांच्या हाती आले. आज अनेक जण आधी करड्या छटांत छायाप्रकाश बसवतात, मग वर रंग चढवतात. रीत जुन्या तैलचित्रकारांचीच.

फरक शेवटी पडतो. थर एकजीव केले की प्रत्येक बिंदूपाशी एकच रंग उरतो. त्याखाली काहीच नसते. बदललेल्या हाताची साक्ष मग कोणताही किरण काढू शकत नाही. म्हणून पूर्ण झालेल्या चित्राइतकीच त्याची थरांसहची फाइल जपली पाहिजे, असे मला वाटते.