वेरूळची पुत्रहीन माता

औरंगाबादेस येणारा प्रवासी प्रथम बीबीच्या मकबऱ्याकडे वळतो आणि पुत्राने मातेसाठी उभारलेले हे स्मारक, असे सांगणाऱ्याचे शब्द ऐकून सद्गदित होतो. परंतु औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम 1657 साली निवर्तली तेव्हा तिचा पुत्र आझमशाह अवघा चार वर्षांचा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या शुभ्र घुमटामागे बालकाच्या शोकापेक्षा बादशाही खजिन्याचाच हात अधिक होता, हे उघड होते. मातृस्मृतीची याहून निराळी कथा याच जिल्ह्यात, वेरुळास आहे.

घृष्णेश्वराची स्थलकथा मातेचीच आहे. घुश्मा नित्य एकशे एक पार्थिव लिंगे करून पूजी व तळ्यात विसर्जित करी. सवतीने मत्सराने तिचा पुत्र मारून त्याच तळ्यात टाकला, तरी तिने पूजा मोडली नाही, आणि विसर्जनास गेली असता पुत्र जिवंत होऊन समोर आला, असे पुराण सांगते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वेरूळचे पाटील मालोजीराजे भोसले यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आजचे तांबड्या पाषाणाचे मंदिर आणि जवळचे शिवालय तीर्थ मात्र लोक अहिल्याबाई होळकरांच्या नावे ओळखतात.

घुश्मेस जे मिळाले ते अहिल्याबाईंस मिळाले नाही. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. 1766 साली सासरे मल्हारराव गेले. पुढल्याच वर्षी एकुलता पुत्र मालेराव वारला. कन्या मुक्ताबाईचा पुत्र नथ्याबा हाच काय तो आजीचा आधार, तोही ऐन तारुण्यात गेला. वर्षभराने जावई यशवंतराव फणसे निवर्तले आणि मुक्ताबाई सती जावयास निघाली. कंपनी सरकारच्या माल्कम साहेबाने लिहून ठेविले आहे, की अहिल्याबाईंनी परोपरीने विनविले, पण मुलीचा निश्चय ढळेना, तेव्हा त्या चितेपर्यंत गेल्या, दोघा ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरले होते. पुढे तीन दिवस त्यांच्या मुखातून शब्द फुटला नाही, आणि अखेर मृतांसाठी एक सुंदर छत्री बांधण्यातच त्यांस काही विसावा मिळाला. मुक्ताबाई सती गेली ते हे 1791 साल. त्या वेळी अहिल्याबाईंचे वय सहासष्ट होते.

अहिल्याबाईंच्या दानधर्माच्या खर्चाचे मूळही ध्यानी ठेवण्याजोगे आहे. 1734 साली मल्हाररावांच्या विनंतीवरून बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या पत्नी गौतमाबाईंस स्वतंत्र ‘खासगी’ जहागीर दिली. ती सासूकडून सुनेकडे आली. अहिल्याबाईंची देवळे, घाट व अन्नछत्रे यांचा भार सरकारी दौलतीवर न घालता या खासगीवरच टाकिला जाई, म्हणून त्यांच्या कीर्तीचा पाया एका सासूच्या वतनात आहे, असे म्हणता येते.

शिवालय तीर्थाच्या पायऱ्या उतरताना चौफेर लहान देवळ्या लागतात. यात्रेत तेथे लेकुरवाळ्या बाया पाण्याच्या काठी मुलांचे हात घट्ट धरून उतरतात. ज्या मातेच्या हातात अखेर कोणाचाच हात राहिला नाही, तिच्या नावे ओळखली जाणारी ही पायरी आहे. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरी अहिल्याबाईंचा देहान्त झाला तेव्हा त्यांच्या पोटचे वा नातवंडांपैकी कोणीही हयात नव्हते. लेणी पाहून परतणाऱ्याने या कुंडाशी क्षणभर थांबावे, एवढेच सुचवावेसे वाटते.